उमेदवारी विकत घ्यायची नसते

परीक्षा आटोपल्या की अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची एक निराळीच धावपळ सुरू होते. ही धावपळ गुणांसाठी नसते, एका पत्रासाठी असते. अमुक विद्यार्थ्याने आमच्याकडे अमुक आठवडे काम केले, असे कंपनीच्या कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहिलेले ते पत्र महाविद्यालयात दाखल केले की श्रेयांक पदरात पडतात. ज्याचे वडील कारखान्यात अधिकारी आहेत किंवा मामा ठेकेदार आहे, त्याला हे पत्र चार दिवसांत मिळते. ज्याच्या घरी रिक्षा चालते, माग चालतो किंवा भाजीची हातगाडी लागते, तो मात्र औद्योगिक वसाहतीच्या फाटकाफाटकांवरून परत फिरतो. मग त्याला कोणीतरी सांगतो, इतके हजार भर, पत्र घरपोच मिळेल. तो कर्ज काढून पैसे भरतो. इंटर्नशिप झालेली नसते, पण कागद तयार असतो.

आमच्या मते या प्रश्नाचे मूळ एकाच ठिकाणी आहे. उमेदवारी ही पैसे मिळवून करायची गोष्ट आहे, पैसे देऊन घ्यायची नव्हे. पैसा मालकाकडून शिकाऊ माणसाकडे वाहत असेल, मग तो थोडका का असेना, तर तिथे काम आहे. तो उलट दिशेने वाहू लागला की ती शिकवणी तरी असते, सहल तरी असते, नाही तर फसवणूक. गावातल्या वर्कशॉपला ही कसोटी लागू आहे आणि परदेशच्या प्रकल्पालाही ती तितकीच लागू आहे.

नियम काय म्हणतो

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली पदवी अभ्यासक्रमाचा जो आदर्श आराखडा काढला, त्यात इंटर्नशिप, प्रकल्प व तत्सम कामाला १४ ते २० श्रेयांक ठेवले. चार वर्षांत मिळून साधारण ६०० ते ७०० तास विद्यार्थ्याने वर्गाबाहेर काम करावे, अशी त्यामागची कल्पना आहे. पदविका विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाने २०१७ पासूनच्या अभ्यासक्रमात सहा आठवड्यांचे औद्योगिक प्रशिक्षण घातले. पुढच्या आराखड्यात ते बारा आठवड्यांवर नेले.

हेतू चांगलाच आहे, त्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार अशी की तास मोजण्याची सोय झाली, पण त्या तासांत काय झाले ते पाहण्याची झाली नाही. विद्यार्थ्यांची संख्या लाखांत आहे. या सर्वांना एकाच मोसमात सामावून घेईल इतकी दारे उद्योगांनी उघडली आहेत काय, हे कोणी विचारले नाही. मागणी मोठी, पुरवठा तोकडा आणि तपासणी नावापुरती. व्यापार करणाऱ्या वाचकांना सांगायला नको की अशा वेळी काळा बाजार उभा राहतो. प्रमाणपत्रांचा बाजार असाच उभा राहिला. ‘घरबसल्या इंटर्नशिप’ या नावाखाली चार ध्वनिचित्रफिती दाखवायच्या, शेवटी वीस प्रश्नांची चाचणी घ्यायची आणि छापील कागद द्यायचा, असा हा धंदा आहे. त्यात मुलगा मोटारीचा नट सोडवीत नाही, वायर जोडीत नाही की ग्राहकाची तक्रार ऐकत नाही.

याचा भुर्दंड अखेर पडतो तो त्याच विद्यार्थ्यावर. पुढे नोकरीच्या मुलाखतीत त्याला विचारतात, त्या सहा आठवड्यांत तू काय केलेस? कागद बोलत नाही आणि मुलगाही बोलू शकत नाही. ज्याच्या घरी ओळख होती त्याने खरे काम पाहिलेले असते, त्याला सांगण्यासारखे काही असते. म्हणजे जो नियम गरिबाच्या मुलाला कारखान्याची पायरी चढता यावी म्हणून केला, तोच त्याला खाली ढकलण्याच्या कामी आला.

ही पद्धत नवी नाही

अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाचे स्थापत्य अभियांत्रिकीचे अध्यापक होते. वर्गात शिकवलेले कारखान्यात उतरत नाही आणि कारखान्यातले वर्गात येत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी १९०६ साली २७ विद्यार्थी घेऊन एक प्रयोग सुरू केला. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. एक जण आठवडाभर कारखान्यात, दुसरा वर्गात, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. कारखान्याचे काम कधी अडत नसे आणि मुलाला कामाचा मोबदला मिळे. पुढे ही पद्धत अनेक विद्यापीठांनी उचलली. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठ तर १९५७ साली याच पायावर उभे राहिले.

आपल्याकडेही उदाहरण आहे. पिलानीच्या बिर्ला तंत्रविज्ञान संस्थेने १९७३ मध्ये ‘प्रॅक्टिस स्कूल’ सुरू केले. दुसऱ्या वर्षानंतर उन्हाळ्याचे दोन महिने आणि शेवटच्या वर्षात साधारण साडेपाच महिने विद्यार्थी उद्योगात जातो. तिथे त्याच्यावर संस्थेच्या अध्यापकाची देखरेख असते. आम्हाला यात महत्त्वाचे वाटते ते एवढेच की मुलाला पत्र देऊन ‘जा, कुठेतरी जागा शोध’ असे म्हणून संस्था मोकळी होत नाही. जागा संस्था शोधते आणि कामाचे मूल्यमापन कामाच्या ठिकाणी होते.

आणि तसे पाहिले तर आपल्या गल्लीत तरी काय होते? गॅरेजमध्ये, वेल्डिंगच्या दुकानात, फर्निचरच्या कारखान्यात उस्ताद आणि शागीर्द हे नाते कितीतरी पिढ्यांपासून आहे. शागीर्द आधी पाना हाती देतो, मग नट सोडतो, मग इंजिन उघडतो. त्याला चहा-जेवण व थोडके पैसे मिळतात. त्याच्याकडून कोणी फी घेत नाही. ज्या समाजाला हे ठाऊक आहे, त्याच समाजातला मुलगा अभियंता होताना उमेदवारी विकत घेतो, ही उलटी गंगा म्हटली पाहिजे.

कारखानदार बांधवांशी दोन शब्द

आमच्या या पानाचे वाचक बहुधा व्यापारी, लघुउद्योजक, ठेकेदार व गाळेधारक आहेत. ‘आजकालच्या इंजिनियरला काही येत नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडी आम्ही नेहमी ऐकतो. आमचे म्हणणे असे की त्याला येत नाही, कारण त्याला आत येऊ दिले नाही. पोहायला येत नाही म्हणून पाण्यात उतरू द्यायचे नाही, तर तो शिकेल कोठे?

हे औदार्याचे नव्हे, हिशेबाचे सांगतो आहोत. लहान कारखान्यात अशी डझनभर कामे पडून असतात जी मालकाला कळतात, पण करायला वेळ नसतो. एक साधे उदाहरण घ्या. कॉम्प्रेसरच्या हवेची नळी कुठेतरी फुटलेली असते, आवाज येत असतो, पण हवाच आहे म्हणून कोणी लक्ष देत नाही. सात बार दाबाच्या लाइनला तीन मिलिमीटरचे छिद्र असेल तर जवळजवळ तीन किलोवॅट वीज वाया जाते. दिवसाला दहा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर ९,००० युनिट होतात. आठ रुपये दराने हिशेब केला तर हे ७२,००० रुपये एका छिद्रातून उडून गेले. साबणाचे पाणी आणि कुंचला घेऊन अशी छिद्रे शोधणे, लाइनचा नकाशा काढणे, दुरुस्तीआधी व नंतर मीटरचे आकडे लिहिणे हे यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाचे काम आहे. त्याला महिना ८,००० रुपये विद्यावेतन दिले तरी दोन महिन्यांचे १६,००० होतात. उरलेला हिशेब वाचकांनी करावा.

असे काम प्रत्येक धंद्यात आहे. कोल्हापूर-शिरोलीच्या फाउंड्रीत कोणत्या जॉबवर किती रिजेक्शन आले आणि का, याची महिनाभराची नोंद कोणी ठेवायची? भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर धागा तुटल्यामुळे माग किती वेळ उभा राहतो, हे घड्याळ लावून कोणी पाहायचे? रत्नागिरीच्या मासळी प्रक्रिया कारखान्यात शीतगृहाचे दार दिवसातून किती वेळ उघडे राहते? सोलापूरच्या टॉवेल कारखान्यात, लातूरच्या डाळमिलमध्ये, भोसरी-वाळूजच्या सुट्या भागांच्या वर्कशॉपमध्ये मोजमाप करणाऱ्या दोन हातांची गरज आहे. मात्र हे काम आधी ठरवून ठेवायला हवे. मुलगा आल्यावर ‘बस इथे, पाहत राहा’ म्हटले तर तो मोबाइलच पाहणार.

मालकांचे काही आक्षेप आम्हास ठाऊक आहेत. पहिला आक्षेप अपघाताचा. तो रास्त आहे. म्हणून चालत्या यंत्रावर मुलाला एकटे सोडू नये, बूट-चष्मा द्यावा, आणि महाविद्यालयाने त्याचा अपघात विमा उतरवूनच त्याला पाठवावे. दुसरा आक्षेप गुपित फुटण्याचा. दोन महिन्यांत फुटेल असे गुपित आपल्याकडे असेल तर ते आधीच कामगारांबरोबर शेजारच्या गाळ्यात गेलेले असते. तिसरा आक्षेप, ‘शिकून निघून जाईल.’ जाईलही. पण शेजाऱ्याने शिकवलेला आपल्याकडे येईल. प्रत्येकाने शिकवणे थांबवले तर बाजारात शिकलेला माणूसच उरणार नाही.

चौथा आक्षेप बोलून दाखवला जात नाही, तो मुलींविषयीचा. अर्ज मुलीचा असला की ‘आमच्याकडे सोय नाही’ असे उत्तर येते. सोय म्हणजे काय? एक स्वच्छ स्वच्छतागृह, दिवसाची पाळी आणि दोघी-तिघींना एकत्र घेणे. एवढे करणे कोणत्याही मध्यम कारखान्याला जड नाही. ज्या घराने मुलीला इंजिनियरिंगपर्यंत आणले, त्या घराची अर्धी लढाई जिंकलेली असते. उरलेली अर्धी कारखान्याच्या फाटकाशी हरली जाऊ नये.

पदवी किंवा पदविका हाती आल्यानंतरच्या उमेदवारीसाठी तर कायदाच मालकाच्या पाठीशी आहे. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे व १९७३ च्या दुरुस्तीने त्यात पदवीधर आणि पदविकाधारक अभियंते आले. २०१९ च्या नियमदुरुस्तीने ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेस उमेदवार घेणे बंधनकारक झाले, आणि ४ ते २९ माणसे असलेल्यांना ते ऐच्छिक ठेवले. म्हणजे लहान गाळेधारकालाही हा दरवाजा खुला आहे. अभियंता उमेदवाराच्या किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा केंद्र सरकार देते. पश्चिम विभागाचे शिकाऊ उमेदवारी मंडळ मुंबईतच आहे. अर्ध्या पगारात वर्षभर शिकलेला माणूस मिळत असताना आपण चौकशीही करीत नाही, याला काय म्हणावे?

परदेशचा दरवाजा

आता परदेशी प्रकल्पांकडे वळू. पालकांच्या मनात या शब्दाची मोहिनी मोठी आहे. म्हणूनच तिथे ठगांचा वावरही मोठा आहे. पण खऱ्या योजना कशा चालतात ते आधी पाहावे.

दुसरे महायुद्ध संपल्यावर युरोपातल्या दहा देशांचे प्रतिनिधी जानेवारी १९४८ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात जमले. त्यांनी तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांची एकमेकांच्या देशात कामासाठी अदलाबदल करण्याची एक संघटना उभी केली. ‘आयेस्टे’ या नावाने ती ओळखली जाते आणि भारतही तिच्यात आहे. तिचा नियम अगदी व्यापारी आहे. जितक्या जागा तुमचा देश परक्या विद्यार्थ्यांना देईल, त्या प्रमाणात तुमच्या विद्यार्थ्यांना बाहेर जागा मिळतील. विद्यार्थ्याने नोंदणीशुल्क व प्रवासखर्च करायचा, पण तिथे राहण्या-जेवण्यापुरते वेतन तिथला मालक देतो.

या नियमाचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. आपल्या मुलाला परदेशातील कारखान्यात जागा हवी असेल, तर इथल्या कोणत्या तरी कारखान्याने परक्या मुलाला जागा दिली पाहिजे. जो कारखाना पंधरा किलोमीटरवरच्या महाविद्यालयातील मुलाला आत घेत नाही, तो सातासमुद्रापलीकडच्या मुलाला काय घेणार? म्हणजे परदेशचा दरवाजा उघडतो तो इथल्याच औद्योगिक वसाहतीतून.

दुसऱ्याही योजना आहेत. जर्मनीच्या ‘डाड’ या संस्थेची ‘वाइज’ योजना भारतीय विद्यार्थ्यांना तिथल्या विद्यापीठांत व संशोधन संस्थांत दोन-तीन महिने काम देते, मात्र ती निवडक नामांकित संस्थांच्या विद्यार्थ्यांपुरती आहे. कॅनडाच्या ‘मिटॅक्स’ संस्थेने २००९ साली भारतातील मोजके विद्यार्थी घेऊन बारा आठवड्यांची संशोधन योजना सुरू केली होती. या साऱ्यांत समान गोष्ट कोणती? निवड गुणवत्तेवर होते, कामाचा मार्गदर्शक ठरलेला असतो आणि विद्यावेतन विद्यार्थ्याला मिळते. ज्या ‘परदेशी प्रकल्पा’त दीड-दोन लाख रुपये भरून पंधरा दिवस फिरवून आणतात, दोन कारखाने बाहेरून दाखवतात आणि शेवटी समारंभ करून प्रमाणपत्र देतात, ती सहल आहे. ऐपत असेल त्याने सहलीला जरूर जावे, पण सहल समजून जावे.

कोकणातील घरांना एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. रायगड-रत्नागिरीत आखाताशी नाते नाही असे घर शोधावे लागते. ‘चाचाजवळ ये, व्हिजिट व्हिसावर दोन महिने साइटवर काम बघ’ असा निरोप येतो. आमंत्रण प्रेमाचे असते, पण व्हिजिट व्हिसावर काम करणे हा तिथे गुन्हा आहे. पकडले गेल्यास दंड होतो, परत पाठवणी होते आणि पुढच्या नोकरीचा रस्ता बंद होतो. दोन महिन्यांच्या अनुभवासाठी आयुष्याची संधी घालवू नये.

याहून भयंकर प्रकार आग्नेय आशियात घडला. थायलंडमध्ये संगणक क्षेत्रातील चांगल्या नोकरीचे आमिष दाखवून तरुणांना म्यानमारमध्ये नेले गेले आणि तिथे ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपले गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाला याविषयी जाहीर इशारा द्यावा लागला. या जाळ्याचे लक्ष्य संगणकाचे शिक्षण घेतलेली मुलेच होती. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणारा दलाल १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला असावा लागतो. त्याच्या सेवाशुल्काला तीस हजार रुपये व त्यावरील कर अशी मर्यादा घातलेली आहे. नोंदणी क्रमांक मागितला की जो रागावतो, त्याच्या कार्यालयातून तत्काळ उठून यावे.

काय करता येईल

आमच्या सूचना चारच आहेत व त्यांसाठी सरकारकडे पाहण्याची गरज नाही.

पहिली, प्रत्येक औद्योगिक वसाहतीच्या उद्योजक संघटनेने मार्चपूर्वी एक यादी करावी. कोणत्या कारखान्यात किती विद्यार्थी, कोणत्या शाखेचे, कोणत्या ठरलेल्या कामासाठी. ही यादी जवळच्या महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर लागावी. ओळखीवाल्याला आणि बिनओळखीच्याला जागा एकाच वेळी कळली की निम्मा अन्याय तिथेच मिटतो.

दुसरी, विद्यावेतन दिलेच पाहिजे. रक्कम थोडी असली तरी चालेल, निदान बसभाडे व दुपारचे जेवण सुटावे. फुकटच्या कामाची मालकाला किंमत नसते, आणि ज्याला घरून पैसे मिळत नाहीत तो फुकट काम करूच शकत नाही. फुकट इंटर्नशिप ही खात्यापित्या घरच्या मुलांसाठी राखीव जागा ठरते.

तिसरी सूचना महाविद्यालयांना. अध्यापकाने निदान दोनदा कामाच्या जागी जावे आणि प्रमाणपत्राऐवजी कामाची रोजची वही पाहावी. त्या वहीवर फोरमनची सही असावी. गुण त्या वहीला द्यावेत. असे झाले तर कागद विकणाऱ्यांचे दुकान आपोआप बंद होईल, कारण वही विकत मिळत नाही.

चौथी सूचना विद्यार्थ्यांना व पालकांना. मोठ्या नावाच्या मागे धावू नका. मोठ्या कंपनीत दोन महिने एका टेबलापाशी जातील. वीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये मात्र खरेदी, उत्पादन, तपासणी, उधारी आणि ग्राहकाची शिवी असे सगळे एका छपराखाली दिसेल. दुसऱ्याच वर्षी जा, शेवटच्या वर्षाची वाट पाहू नका. आणि कोणी पैसे मागितले तर एकच प्रश्न विचारा, मी काम करणार असेन तर पैसे मी का द्यायचे?

वाचकहो, आपल्या गाळ्यात एका स्टुलाची जागा नक्कीच असते. येत्या उन्हाळ्यात त्या स्टुलावर एक मुलगा किंवा मुलगी बसवावी, तिला एक ठरलेले काम द्यावे आणि महिनाअखेरीस पाकीट द्यावे. ते पाकीट हातात घेऊन ती घरी जाईल तेव्हा तिच्या आई-वडिलांना कळेल की आपण फी भरली ती वाया गेली नाही. आणि मालकाला कळेल की ‘आजकालच्या इंजिनियरला’ काही येत नाही, असे सरसकट म्हणता येत नाही.